सिंगल बेल : चालक बंधूंना खुले पत्र

एस.टी., शहर बस, ट्रक, टेम्पो, जीप, रिक्षा. ज्यांचं पोट स्टिअरिंगवर आहे अशा सगळ्या चालक बंधूंना आणि आता थोड्या संख्येनं का होईना पण सीटवर बसू लागलेल्या चालक भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी एस.टी.त ३१ वर्षं वाहक होतो. एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की निघते, ती घंटी ओढणारा. म्हणजे ३१ वर्षं तुमच्या पाठीमागे उभं राहून नोकरी केली. पाठीवरून माणूस ओळखायची सवय लागते. कोण रात्री झोपला नाही, कोणाचं घरी वाजलंय, कोणाला आज घाई आहे, हे गाडी स्टँडबाहेर पडायच्या आत कळतं. एका पाठीनं जे सांगितलं ते मात्र मला कळलं नाही. त्याबद्दल, म्हणजे हृदयाच्या झटक्याबद्दल, हे पत्र.

डिसेंबर महिना होता. कराड-चिपळूण भागातली मुक्कामी गाडी. माझा जोडीदार चालक तेव्हा ४९ वर्षांचा, अंगानं हडकुळा, दारूला शिवत नसे. चिमूटभर तंबाखू मात्र कायम गालात. दोन दिवसांपासून त्याचं छातीत जळजळतंय असं चाललं होतं. डेपोच्या जिन्यावर मध्येच थांबून त्यानं कठडा धरला, तेव्हा मी हसलो. म्हटलं, "म्हातारा झालास की." रात्री मुक्कामाच्या गावी जेवण झाल्यावर तो गाडीत आडवा पडला आणि त्याचा बनियन घामानं ओला झाला. बाहेर लोक शेकोटी करून बसले होते. डिसेंबरच्या थंडीत माणसाला घाम का फुटावा, हा प्रश्न ना त्याला पडला, ना मला. मी टपरीवरून सोड्याची बाटली आणली. त्याला दोन मोठे ढेकर आले. दोघांनाही वाटलं, गॅस होता, गेला.

पहाटे सहाला गाडी काढताना तो म्हणाला, डावा हात भरून आलाय, जबडाही दुखतोय. हात स्टिअरिंगनं भरला असणार आणि जबडा थंडीनं! आम्ही प्रत्येक दुखण्याला वेगळं कारण शोधून दिलं. कुंभार्ली घाटात एका वळणाच्या अलीकडे त्यानं गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी उतरून चाकाला दगड लावला. गाडीत ३८ प्रवासी होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: चालकाच्या प्रसंगावधानाने ३८ प्रवासी बचावले. सत्कार झाला, शाल-श्रीफळ आलं. अशा बातम्या वर्षातून चार-पाच वेळा तुम्हीही वाचता. झटका येत असतानाही गाडी कडेला घेणारा ड्रायव्हर, त्याला सलाम, वगैरे. सलाम खराच आहे. पण एका वाक्याची त्यात कायम उणीव असते. प्रसंग घाटात सुरू झालाच नव्हता. तो दोन दिवस आधी डेपोच्या जिन्यावर सुरू झाला होता, आणि अवधान तिथे हवं होतं.

जोडीदार वाचला. पण पहाटे सहाला सुरू झालेल्या कळेवर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पडायला दुपारचा दीड वाजला. हृदयाच्या स्नायूचं रक्त तुटलं की तो अर्ध्या तासाच्या आसपास मरायला लागतो आणि पुढच्या काही तासांत बहुतेक हिशेब आटोपतो. मेलेला स्नायू परत उगवत नाही, तिथे वण राहतो. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आत भरलेल्या रक्तातलं ५५ ते ६५ टक्के बाहेर ढकलतं. त्याचं आता ३० टक्के ढकलतं. दोन बादल्या पाणी उचललं की धाप लागते. स्टिअरिंग सुटलं ते सुटलंच.

त्यानंतर मी जमेल तिथून वाचत गेलो, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावलं. निवृत्त माणसाला वेळ असतो. त्यात मला एक गोष्ट सापडली. ती वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसलो, कारण ती थेट आपल्या दोघांची, म्हणजे ड्रायव्हर-कंडक्टरची गोष्ट आहे.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे हार्ट ॲटॅकची साथच आल्यासारखं झालं होतं आणि कारण कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. मॉरिसनी लंडनच्या बस-ट्राम खात्यातल्या ३५ ते ६४ वयाच्या हजारो कामगारांच्या नोंदी काढल्या. डबलडेकर बसवर एक ड्रायव्हर, एक कंडक्टर. दोघांची बस एक, रस्ता एक, पगार साधारण सारखा, घरं त्याच वस्त्यांत. तरीही ड्रायव्हरांना हृदयविकार कंडक्टरांपेक्षा ठळकपणे जास्त होत होता, आणि कंडक्टरला झालाच तर तो उशिरा आणि सौम्य होत होता. फरक कामात होता. ड्रायव्हर ड्युटीचा सुमारे ९० टक्के वेळ बसलेला. कंडक्टर दिवसभरात ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा, वरच्या मजल्यावरची तिकिटं फाडायला. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. मॉरिसनी पोस्ट खात्यातही तेच ताडून पाहिलं: चालत किंवा सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा बरे निघाले. माणसाच्या हालचालीचा त्याच्या हृदयाशी संबंध आहे, हे आकड्यांनी दाखवणारा हा जगातला पहिला मोठा अभ्यास मानतात. तोही बसच्या जिन्यावर झालेला!

मॉरिस प्रामाणिक माणूस. त्यांना शंका आली की कदाचित आधीपासूनच जाड असलेली माणसं ड्रायव्हर होत असतील. म्हणून त्यांनी खात्याच्या गणवेशाच्या वह्या मागवल्या आणि पँटीच्या कमरेची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा खरंच मोठ्या होत्या, तरुण वयातल्यांच्यासुद्धा. १९५६ मध्ये त्यांनी तेही छापलं. म्हणजे सगळा दोष एकट्या सीटचा नव्हता. पण पुढच्या ७० वर्षांत शेकडो अभ्यास झाले आणि बसून राहणं हृदयाला वाईट, ही मूळ गोष्ट टिकली. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले. वयोवृद्ध झाल्यावरही पोहायला जात.

आपल्या लालपरीला जिना नाही. पण भरल्या गाडीत पुढून मागे, मागून पुढे जाताना वाहकाचे पाय दिवसभर चालतात. ते तुमचे चालत नाहीत, क्लच-ब्रेकवर फक्त दाबतात. आपण दोघांनी एकाच टपरीवरचा वडापाव खाल्ला, एकाच किटलीतला चहा प्यायलो. तरी तुमचं शरीर माझ्यापेक्षा जास्त सोसत होतं आणि हे मला निवृत्त झाल्यावर लंडनच्या कागदावरून कळलं.

आता आत नेमकं काय होतं ते सांगतो, कारण 'नळीत कचरा साचतो' एवढंच आपल्याला माहीत असतं आणि तेवढ्यानं फसगत होते.

डिझेलच्या पाइपात घाण साचत जाते, पुरवठा कमी कमी होत शेवटी इंजिन बंद पडतं, असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. टायरच्या बाजूला फुगा येतो तो आठवा. वरून नक्षी चांगली, हवा बरोबर, गाडी पळतेय. आणि एका खड्ड्यात तोच टायर फाटतो. हृदयाला रक्त देणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीच्या. वाईट कोलेस्टेरॉल त्यांच्या आतल्या पोकळीत साचत नाही, भिंतीच्या अस्तराखाली शिरतं. ते साफ करायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात, ते गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. भिंतीत मऊ, सुजलेली गाठ तयार होते, वर पातळ टोपी. एके दिवशी ती टोपी फाटते. शरीराला वाटतं जखम झाली, म्हणून ते इमानदारीनं रक्त गोठवतं. बोट कापल्यावर जे आपल्याला वाचवतं तेच इथे मिनिटांत वाहिनी बंद करतं. झटका म्हणतात तो हा.

म्हणून दोन गोष्टी लक्षात घ्या. अनेक झटके ४०-५० टक्क्यांच्या 'छोट्या' ब्लॉकमधूनही येतात, आणि तोपर्यंत माणसाला काही त्रास नसतो. मागच्याच महिन्यात कार्डिओग्राम नॉर्मल होता, ही त्यामुळे हमी नव्हे. कार्डिओग्राम त्या क्षणाचं सांगतो, भिंतीतला फुगा त्यात दिसत नाही. आणि फुगा म्हातारपणी येतो असंही नाही. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी उघडून पाहिली. सरासरी वय २२. चारातल्या तिघांच्या वाहिन्यांत आजाराच्या खुणा सापडल्या. हेही १९५३ सालचंच.

हा फुगा कशानं येतो? इथे मला एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. आपली पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला निघाली. त्याच वर्षी अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात ५,२०९ धडधाकट माणसं निवडून त्यांच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवायचं काम सुरू झालं. कोणाला हृदयविकार होतो आणि त्याच्यात आधीपासून काय वेगळं होतं, एवढंच पाहायचं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट ही नावं हृदयविकाराला घट्ट चिकटली ती या गावामुळे. त्याआधी वयाबरोबर बीपी वाढणं चांगलंच, असं मानणारे डॉक्टरही होते.

पुढे २००४ मध्ये ५२ देशांतल्या सुमारे ३० हजार माणसांचा अभ्यास आला. केरळात जन्मलेले डॉ. सलीम युसूफ त्याचे प्रमुख होते. त्यात पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींत सामावलेला निघाला: तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाजी-फळं न खाणं, हालचाल न करणं आणि दारूचा हिशेब. आपल्या दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येत होता, बाकी जगाला ५९ च्या आसपास. सहा वर्षं आधी! म्हणजे मुलीचं लग्न, मुलाची फी आणि घराचे हप्ते सगळे एकदम अंगावर असताना.

नऊपैकी सगळ्यांवर प्रवचन देत नाही. खाण्याचं तुम्हाला ठाऊक आहे. स्टँडवरच्या कढईतलं काळं पडलेलं तेल बघून कळतं, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. चार गोष्टी मात्र ड्रायव्हरांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकल्यात की बोलल्याशिवाय राहवत नाही.

"मी विडी-सिगारेट ओढत नाही, फक्त तंबाखू खातो." त्याच ५२ देशांच्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीच्या वर होता. धूर नसला तरी निकोटिन रक्तात जातंच. रात्रीच्या ड्युटीला झोप उडवायला चिमूट लागते, हे मला मान्य आहे. मीच कितीदा चुना पुढे केलाय. पण ती नुसती झोप उडवत नाही, तुमचं बीपीही उडवते.

"मला बीपीचा त्रास नाही." बीपीला त्रास नसतोच, तीच त्याची खोड आहे. १६०/१०० घेऊन माणूस कुंभार्ली चढून जातो आणि त्याला चक्करसुद्धा येत नाही. आणि ज्यांना माहीत आहे ते दोन महिने गोळी खातात, माप नॉर्मल आलं की बंद करतात. ब्रेक चांगले लागतात म्हणून ब्रेक ऑइल काढून टाकणारा ड्रायव्हर मी अजून पाहिला नाही.

"मी हडकुळा आहे." जोडीदारही होता. ॲडमिट केल्यावर कळलं की त्याची साखर तीनशेच्या वर आहे. किती वर्षं होती कोण जाणे, कधी मोजलीच नव्हती. हातापायाच्या काड्या आणि पोट तेवढं पुढे, हा आपल्याकडचा नेहमीचा साचा आहे. वजनकाटा त्याला फसतो, पट्ट्याचं भोक फसत नाही.

आणि चौथं, "टेन्शन." टेन्शन खरं आहे. ट्रॅफिक, उशीर, प्रवाशांच्या शिव्या, अर्धवट झोप, हॉर्नचा आवाज, धूर. हे सगळं रक्तदाब चढवतं हे शास्त्रही मानतं. पण टेन्शनचं नाव एवढ्यासाठी घेतलं जातं की त्यात आपल्याला काही करावं लागत नाही. गालातली चिमूट थुंकावी लागते, गोळी रोज घ्यावी लागते. एक मात्र सांगतो: जो ड्रायव्हर झोपेत छप्पर हलेल असं घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकतो आणि दिवसा सिग्नलला डुलकी काढतो, त्यानं ते चेष्टेवारी नेऊ नये. झोपेत श्वास तुटण्याचा तो आजार असू शकतो. हृदयाला वाईट, आणि मागे बसलेल्यांनाही.

आता खरं दुखणं. तुम्ही लपवता. डोळ्यांचा नंबर लपवता, बीपी लपवता, साखर लपवता, कारण भीती एकच: अनफिट ठरलो तर स्टिअरिंग जाईल. स्वतःचा ट्रक असेल तर हप्ता थकेल, रिक्षा असेल तर त्या दिवसाचं रेशन. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मी फक्त हिशेब मांडतो. बीपी किंवा साखर वेळेत सापडली तर बहुतेकांना रोजच्या गोळ्या घेऊन गाडी चालवता येते. लपवून झटका आला तर काय होतं ते माझ्या जोडीदाराकडे बघा. स्टिअरिंग वाचवायला म्हणून तो गप्प राहिला आणि नेमकं तेच गेलं.

गाडी काढायच्या आधी तुम्ही टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, मारून बघता, रेडिएटरचं पाणी बघता, ऑइलची पट्टी ओढून बघता. हे कोणी शिकवावं लागत नाही. दंडाला पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ते फुकट होतं. तिशी ओलांडलेल्यानं वर्षातून एकदा बीपी, साखर आणि चरबी मोजावी, बस. शेवटच्या थांब्यावर गाडी लागली की सीटवरच मान टाकू नका. खाली उतरा, स्टँडला दोन चकरा मारा. चहा लांबच्या टपरीवर प्या.

आणि तो दिवस आलाच तर. छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखं, जळजळ. हातात, जबड्यात, पाठीत, बेंबीच्या वर कुठेही पसरणारं. सोबत गार घाम, मळमळ, धाप. दहा मिनिटांत जात नसेल तर तो गॅस नाही असं धरूनच चला. मधुमेहवाल्यांना आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता थकवा आणि धाप. गाडी बाजूला, चाकाला दगड, १०८ ला फोन. पुढच्या गावापर्यंत काढतो, असं म्हणायचं नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खातात, पण १०८ वाल्या डॉक्टरला विचारून. जिभेखालची गोळी कोणाच्या सांगण्यावरून ठेवू नका, बीपी एकदम पडू शकतं. आणि मोबाइलवर फिरणारा तो मेसेज, एकटे असताना झटका आला तर जोरजोरात खोकत राहा, तो कृपा करून पुसून टाका. त्या खोकण्यात फोन करायची वेळ जाते. पहिला कार्डिओग्राम चांगला आला तरी दुखत असेल तर घरी जायचं नाही, तो पुन्हा काढायला सांगायचं. पैशांची काळजी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, म्हणजे बंद वाहिनी आतून उघडण्याचा उपचार, बसते, योजनेतल्या रुग्णालयात गेल्यावर आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनीसाला, गाठा.

वाहक बंधूंनो, दोन ओळी तुमच्यासाठी. ड्रायव्हर कोसळला, हाक मारून हलत नाही, श्वास नीट चालत नाही, तर त्याला सीटवर बसवून पाणी पाजत बसू नका. गाडी थांबलेली असेल तर त्याला खाली सपाट जागेवर निजवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल. तोंडानं श्वास देणं जमलं नाही तरी चालेल. मदत येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर प्रवाशांतल्या एखाद्या तरण्या पोराला लावा.

आषाढी आली की पंढरपूरच्या जादा गाड्या लागतील. रात्रीचा दिवस होईल, विठ्ठलाच्या नावानं डबल ड्युटी होईल. त्याआधी एकदा दंडाला पट्टा बांधून या. आणि ड्रायव्हरनं छातीवर हात ठेवलेला आरशात दिसला, तर वाहकांनो, घंटी एकदाच ओढा.

आपला,
एक निवृत्त वाहक

ता. क. : पत्र पुरं झाल्यावर जोडीदाराला वाचून दाखवलं. हल्ली तो दुपारी स्टँडवर येऊन बसतो, गाड्यांचे आवाज ऐकून कोणाचा क्लच गेलाय ते सांगतो. सगळं ऐकून म्हणाला, "सोडा तू आणला नव्हतास, मीच मागितला होता. तू तर म्हणाला होतास, डॉक्टरकडे जाऊ." मला तसं काही म्हटल्याचं आठवत नाही.